इंग्रजीच्या मास्तरानं लेकरांना स्वतःच्या आवडीचं पुस्तक द्यावं का?

बालाघाटी
मी बीड जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतो. स्टाफरूममधे सगळे म्हणतात खेड्यातल्या पोरांना पातळ, सोपं काहीतरी द्या. मला नाही पटत. माझं सगळ्यात आवडतं पुस्तक स्टाइनबेकचं 'द ग्रेप्स ऑफ रॅथ', १९३९ चं, आणि मी तेच सांगतो. दुष्काळानं अन् बँकेनं जमिनीवरून उठवलेलं ओक्लाहोमाचं कुटुंब जुन्या गाडीत संसार भरून कॅलिफोर्नियाला फळं तोडायला निघतं. वाटेत एकजण हिशोब सांगतो, मालकाला माणसं लागतात ८००, तो पत्रकं छापतो ५०००, वाचणारे होतात २००००, मग उपाशी माणूस मिळंल त्या मजुरीवर राबतो. ज्याचे आईबाप मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दरसाल साखर कारखान्यावर ऊस तोडायला जातात त्या पोराला यातलं मी काय समजावणार, तोच मला सांगतो.

मांजराकाठची
सर, आवड तुमची पण वाचायचं लेकरांनी. साडेचारशे पानांचं पुस्तक, त्यात पात्रं गावठी अमेरिकन बोलतात, स्पेलिंगपण तसंच मोडकं, डिक्शनरीत शोधून सापडत नाही. अन् २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरी घेऊन उभी राहिलेली लेकरं आता अकरावी-बारावीला आहेत, त्यांना परत दुष्काळच का वाचायला द्यायचा? मी आर. के. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स' देते. बाप आंब्याचं गणित घालतो अन् स्वामी अडतो कुठं, तर आंबे पिकलेले होते का कच्चे! तिथं मागच्या बाकावरचं पोरगं खळखळून हसलं, मी मराठीत सांगायच्या आधी. मला तेवढं पाहिजे होतं.

बालाघाटी
मॅडम, पूर्ण पुस्तक पहिल्याच दिवशी नाही देत मी. तिसरं प्रकरण तेवढं झेरॉक्स करून देतो, त्यात मोडकं स्पेलिंग नाही, संवादच नाहीत. एक कासव हायवे ओलांडतंय, एक बाई त्याला वाचवायला गाडी वळवते, पुढचा ट्रकवाला मुद्दाम त्याच्या अंगावर घालतो. एवढंच. त्यावर पोरं तासभर भांडली. हसवणारं पुस्तक द्याच, पण दुःख घरी बघितलं म्हणून पुस्तकात नको, हे आपण कोण ठरवणार?

गोदाकाठ
दोघांनाही विचारतो, मराठीतून का नाही जायचं? हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी' पुलंनी 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणलंय. आधी ते वाचायचं, मग इंग्रजी. गोष्ट माहीत असली की भीती निम्मी होते. आमच्या परभणीकडच्या पोरानं समुद्र बघितला नसला तरी त्या म्हाताऱ्याची जिद्द कळते त्याला.

मांजराकाठची
इथं मी सरांच्या बाजूनं आहे. मराठी हातात पडलं की इंग्रजी उघडतच नाहीत, दोन्ही ठेवून बघितलंय मी. मराठी प्रत फाटली, इंग्रजीची कोरी आहे. फक्त सर, कासवाच्या अगोदर माझे आंबे घ्या.