लाळ 'स्कॅन' करणारं दूध आणि ज्यांचं स्कॅनर बंद पडलं त्या आया

जागरणकर्ती

काल ते पोस्टर पाचव्यांदा आलं माझ्याकडे. दोन पिशव्या, एकीत पांढरं दूध, दुसरीत पिवळट. खाली मजकूर, 'बाळ आजारी पडलं की त्याची लाळ स्तनाग्रातून आत शोषली जाते, आईचं शरीर ती स्कॅन करतं आणि काही तासांत त्याच आजाराचं औषध दुधातून देतं. डब्यातलं दूध हे करेल? न पाजणाऱ्या आयांनी स्वतःलाच विचारावं.' तर मी विचारलं स्वतःला. मग वाचत बसले, रात्री तीन वाजता मला तसंही दुसरं काम नसतं.

बाळ पीत असताना नलिकांमधलं थोडं दूध उलटं आत जातं हे २००४ साली अल्ट्रासाऊंडवर दिसलेलं आहे. आई किंवा बाळ आजारी असलं की दुधातल्या पांढऱ्या पेशी वाढतात हेही २०१३ साली मोजून झालंय. या दोन गोष्टींच्या मधे 'लाळ वाचून औषध' असा जो पूल ठोकलाय तो मात्र अजून कुणी सिद्ध केलेला नाही, गृहीतक आहे, बस्स. त्याची गरज पण नाही खरं तर. बाळाला जे जंतू चिकटतात तेच आईच्याही नाकातोंडातून आतड्यात जातात, तिथून तयार झालेल्या पेशी स्तनात येतात आणि आयजीए अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, दुधात सोडतात, हा रस्ता माहितीतला आहे. हे कमी भारी आहे का? आणि रंगाचं म्हणाल तर चीक पिवळाच असतो, एकाच दिवसात सुरुवातीचं आणि शेवटचं दूध वेगळं दिसतं, पिशवीच्या फोटोवरून निदान काय करता.

चीड येते ती याची की खरं संशोधन या फेकाफेकीपेक्षा जास्त चक्रावणारं आहे. दुधात लॅक्टोज आणि फॅटच्या खालोखाल काय असतं, तर अशा साखरी ज्या बाळाला पचतच नाहीत! ऑलिगोसॅकराइड्स, दीडशेच्या वर प्रकार. आई स्वतःची ताकद घालून ते बनवते आणि बाळ तसंच पुढे ढकलतं, कारण ते बाळाला नाहीच, बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियाला आहे. म्हणजे आई एकाच वेळी दोघांना जेवू घालते. हे लिहा ना पोस्टरवर.

पण ते नाही लिहायचं, शेवटचं टोचणारं वाक्य लिहायचं. २०१४ चा अमेरिकेतला भावंडांचा अभ्यास बघा, एकाच आईचं एक मूल अंगावर प्यालेलं, दुसरं बाटलीवर. ४ ते १४ वयात ११ गोष्टी तपासल्या, वजनापासून अभ्यासातल्या प्रगतीपर्यंत, १० मधे दोघांत लक्षात घेण्याजोगा फरकच दिसला नाही. म्हणजे आपण जो फरक दुधाचा म्हणून मिरवतो त्यातला बराचसा घराचा, पैशाचा, आईच्या शिक्षणाचा असतो. ज्यांनी ते पोस्टर पाठवलं त्यांनी हे वाचावं ही नम्र विनंती, नम्र शब्द अगदी ओढूनताणून लिहितेय.

काठावर_पास

शेवटच्या परिच्छेदासाठी +१. आमच्या घरात एक जण अंगावर दोन वर्षं प्यालेला आणि एक पूर्ण डब्यावर. गणितात दोघेही माझ्यावर गेलेत.

पान्हा

ताई, लाळेचं बरोबर आहे, ते पोस्टर मलाही आवडत नाही. पण तुम्ही एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला उडी मारलीत. १४ वर्षं बाळंतिणींना स्तनपान शिकवतेय, म्हणून बोलते. 'फरक घराचा असतो' हे वाक्य वाचून उद्या एखादी म्हणेल कशाला एवढा त्रास. अकाली जन्मलेल्या बाळांचं काय? १९९० साली लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ९२६ बाळांचा अभ्यास आला, नुसत्या फॉर्म्युल्यावरच्या बाळांना आतडं सडण्याचा आजार, एनईसी, नुसत्या आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा ६ ते १० पट. २०१६ च्या लान्सेट मालिकेत हिशेब होता की जगात पाजण्याचं प्रमाण वाढलं तर वर्षाला ८ लाख २३ हजार मुलांचे मृत्यू टळतील. आईचा पण फायदा, एकूण १२ महिने पाजलं की स्तनाच्या कॅन्सरचा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो, ३० देशांमधल्या ४७ अभ्यासांचा आकडा आहे.

बुद्धीचं म्हणाल तर ब्राझीलमधल्या पेलोटास शहरात १९८२ साली जन्मलेली मुलं ३० वर्षांची झाल्यावर तपासली, जवळपास ३५०० जण, वर्षभर किंवा जास्त प्यालेल्यांचा आयक्यू महिन्याच्या आत सोडलेल्यांपेक्षा ३.७६ ने जास्त, पगारही जास्त. आणि तिथे तेव्हा गरीब-श्रीमंत सगळ्या थरांत पाजायचं प्रमाण सारखंच होतं, त्यामुळे तुमचा 'पैसा' वाला मुद्दा तिथे टिकत नाही.

आणि एक, 'मला दूधच आलं नाही' हे फार ऐकते मी. खरंखुरं न येणं अत्यंत दुर्मिळ असतं. बहुतेक वेळा बाळाची स्तनावरची पकड चुकलेली असते, नाहीतर पहिल्याच दिवशी घाबरून वरचं दूध सुरू केलेलं असतं. मनावर घेतलं की येतं.

आकडेबाज

पेलोटासमधे आईचा आयक्यू मोजलेला नाही आणि तिथेच सगळी गोम आहे. २००६ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ५४७५ मुलांचा अभ्यास आला त्यात आईचा आयक्यू हिशेबात धरल्याबरोबर मुलांमधला फरक जवळजवळ विरघळला. पण जागरणकर्ती, तुमचा भावंडांचा अभ्यास पण काही गंगेत न्हालेला नाही. एकाच आईने एकाला पाजलं आणि दुसऱ्याला नाही, का? दुसरं आजारी असेल, तिची नोकरी असेल, ती कारणं पण निकालात घुसतात ना.

खरा प्रयोग एकच, बेलारूसचा प्रोबिट. ३१ प्रसूतिगृहं, १७ हजारांवर माय-लेकरं, १९९६-९७. पाजणाऱ्यांना अडवणं अनैतिक, म्हणून प्रोत्साहन चिठ्ठ्या टाकून वाटलं, अर्ध्या प्रसूतिगृहांत पाजायचं पद्धतशीर शिक्षण, अर्ध्यांत नेहमीचं. तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर पिणारी ४३ टक्के विरुद्ध ६ टक्के. पहिल्या वर्षात जुलाबाचा आजार ९.१ विरुद्ध १३.२ टक्के, फरक स्पष्ट. इसब कमी. श्वसनाचे आजार मात्र जवळपास तेवढेच, पुढे लठ्ठपणातही फरक नाही. साडेसहा वर्षांला शाब्दिक आयक्यू ७.५ ने जास्त निघाला तेव्हा सगळीकडे ढोल वाजले, पण चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना मूल कुठल्या गटातलं ते माहीत होतं! १६ व्या वर्षी कॉम्प्युटरवर चाचणी झाली आणि तो फरक नावापुरता उरला, तोही शाब्दिकमधेच. आणि हे विसरू नका की दोन्ही गटांतल्या सगळ्या आयांनी पाजायला सुरुवात केलेली होती, म्हणजे तुलना जास्त आणि कमी अशी आहे, अंगावरचं विरुद्ध डबा अशी नाहीच. हे एवढं सोडून लोक आपापल्या सोयीचं वाक्य उचलतात, वर दोघींनी उचललंय तसं.

जागरणकर्ती

@आकडेबाज ठीक आहे, भावंडांच्या अभ्यासाबद्दल कान धरलात ते मान्य करते.

@पान्हा तुमचा एनईसीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, अकाली बाळांबद्दल मी बोलतच नव्हते. पण 'मनावर घेतलं की येतं'???

ऐका आता. बाळ तिसऱ्या दिवशी सारखं रडत होतं. नर्स म्हणाली पाजत राहा. चौथ्या दिवशी रडायचं थांबलं, आम्हाला वाटलं चला पोट भरलं. ते पोट भरून झोपलेलं नव्हतं, मलूल पडलं होतं. लंगोट कोरडा, डोळे पिवळे. वजन केलं तर जन्माच्या वजनापेक्षा १४ टक्के कमी, रक्तातलं सोडियम चढलेलं. मी त्या चार दिवसांत दर दीड-दोन तासांनी पाजलं होतं, पकड तीन जणींनी तपासून 'छान' म्हटलं होतं. गरोदरपणात माझ्या छातीत काडीचा बदल झाला नव्हता हे मला एकीनेही विचारलं नाही. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दूध बनवणारी ग्रंथीच कमी आहे, तुम्ही कितीही पिळलंत तरी दोन्हीकडून मिळून चमचाभरच निघणार. तोवर दोन महिने मी पंप लावून रडत बसलेले. मनावर घ्यायचं आणखी किती शिल्लक होतं ते सांगा.

गोठ्यातला_डॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे इथे बोलावं की नाही असा विचार करत होतो पण राहवलं नाही. गाय पान्हवली नाही तर आम्ही आधी कास बघतो, सड बघतो, दगडी झालीय का, जार अडकलाय का, कॅल्शियम पडलंय का, ताप, चारा, पाणी. 'मनावर घे म्हणजे येईल' असं मी आजवर कुठल्याही गाईला सांगितलेलं नाही. गाईचं दूध कमी पडलं तर ते दुखणं असतं आणि बाईचं कमी पडलं तर तो तिचा स्वभाव, हे मला कधी कळलं नाही. २०१४ साली जवळपास १५ लाख होल्स्टीन गाईंच्या नोंदी काढून सिद्ध केलं की कालवड झाली तर गाय गोऱ्ह्यापेक्षा जास्त दूध देते. १५ लाख! बायकांच्या दुधाच्या एवढ्या नोंदी कुणी ठेवल्यात? कास कशी चालते यावर पैसा आहे कारण दूध विकलं जातं.

भोचक_भवानी

वा! आता बायकांची तुलना गाईंशी. हेच राहिलं होतं.

गोठ्यातला_डॉक्टर

अहो बाई, तुलना नाही, तक्रार आहे. गाईला जेवढं तपासतात तेवढं तरी बाईला तपासा एवढंच म्हणतोय.

भोचक_भवानी

तुम्ही 'कितीही पिळलं' वगैरे वाचून लगेच गोठा आठवला हेच बोलकं आहे. आणि मला बाई म्हणू नका.

काठावर_पास

'पिळलं' त्यांनी नाही, जागरणकर्तींनी स्वतः लिहिलंय. पण चालू द्या.

आजी_ऑनलाइन

मुलींनो, आमच्या वेळी डॉक्टरच सांगायचे डब्याचं दूध जास्त शास्त्रीय, मोजून-मापून असतं. आणि अंगावर पाजायचं तर दर चार तासांनी, घड्याळ लावून, मधे रडलं तरी उचलायचं नाही. मी शहाण्यासारखं ऐकलं आणि दीड महिन्यात माझं दूध आटलं. सासूबाई म्हणत होत्या रडलं की घे, त्यांना मी अडाणी समजले. आता माझी नात सांगते स्तन भरलेले ठेवले की शरीराला निरोप जातो दूध नको म्हणून, रिकामे होत राहिले तरच बनतं. म्हणजे सासूबाई बरोबर आणि घड्याळ चूक. तेव्हा शास्त्र म्हणून सांगितलेलं आता कुणी कबूल पण करत नाही. म्हणून 'संशोधन सांगतं' म्हटलं की मी आधी विचारते, कुठल्या सालचं?

बाबा_क्रमांक_एक

अवांतर, पण ते वर्षाच्या वरच्या मुलांसाठी वेगळे डबे विकतात, 'वाढीचं दूध' म्हणून, त्यावर कुणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच सांगितलंय की त्याची गरज नाही. १९८१ साली जाहिरातींवर आंतरराष्ट्रीय संहिता आली, ११८ विरुद्ध १ मतांनी, विरोधातलं एकमेव मत अमेरिकेचं, म्हणून कंपन्यांनी डब्यांना १, २, ३ नंबर देऊन मागच्या दाराने डब्यावरचे तेच रंग, तेच अस्वलाचं चित्र विकायला सुरुवात केली. आणि ज्या ऑलिगोसॅकराइड्सचं वर कौतुक झालं त्यातले चार-पाच बॅक्टेरियाकडून बनवून घेऊन डब्यात टाकायचे आणि 'आईच्या दुधासारखं' लिहायचं. दीडशेपैकी पाच! यावर चिडा ना, एकमेकींवर कशाला.

जागरणकर्ती

तुमचा अस्वलाचा मुद्दा बरोबर आहे हो. पण माझं बाळ त्याच डब्यावर जगलंय, त्यामुळे मला त्याच्यावर नीट चिडताच येत नाही.

पान्हा

दोन दिवस उत्तर दिलं नाही, मुद्दाम. जागरणकर्ती, तुमच्या बाबतीत जे झालं ते चूक झालं. चौथ्या दिवसाची वाट बघायलाच नको होती, १० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं की आमच्याकडे घंटा वाजायला हवी आणि गरज असेल तर वरचं दूध द्यायलाच हवं, त्याने पाजणं संपत नाही. मी स्वतः कुठल्याही बाळाला उपाशी ठेवलेलं नाही हे मात्र लिहून ठेवा. 'दुर्मिळ'बद्दल सांगायचं तर, तो शब्द आम्ही सवयीने वापरतो. जुना अभ्यास काढून बघितला, १९९० चा, ३१९ पहिलटकरणी, पाजायची इच्छा असलेल्या, मदत मिळालेल्या, तरी १५ टक्क्यांचं दूध तीन आठवड्यांनंतर पुरत नव्हतं. त्यातल्या काहींच्या स्तनांवर आधी शस्त्रक्रिया झालेली होती, त्यामुळे हा आकडा सगळ्यांना लावू नये, पण दुर्मिळ नाही म्हणता येणार हे खरं. तरी माझं म्हणणं कायम आहे, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणींचं दूध पकड आणि वेळा सुधारल्यावर वाढतं, तुमच्या गोष्टीमुळे त्या आठ जणींनी आधीच डबा उघडू नये.

जागरणकर्ती

आणि तुमच्या आठ जणींमुळे उरलेल्या दोघींना चौथ्या दिवसापर्यंत थांबवू नये. 'मनावर घ्या' च्या आधी 'गरोदरपणात छातीत बदल झाला होता का' एवढं एक वाक्य विचारणार का?

पान्हा

विचारते. आधीही विचारायचे, दर वेळी नाही.

आकडेबाज

दहातल्या आठ हा आकडा कुठून आला?

पान्हा

माझ्या वहीतून. तुम्हाला चालणार नाही माहितीय.

नवा_सदस्य_बाप

धागा पूर्ण वाचला नाहीये, मोठा आहे. आमचं बाळ तीन आठवड्यांचं. बायकोला आत्ताच एका मावशींनी फोटो पाठवलाय, दोन पिशव्या, एक पिवळी, म्हणे बाळाची लाळ आत जाऊन औषध बनतं. हे खरं आहे का? म्हणजे बाटलीतून पाजलं तर औषध बनणार नाही का?

जागरणकर्ती

धाग्याची वरची पहिली पोस्ट वाचा. लाळेची गोष्ट सिद्ध नाही. काढलेल्या दुधातही अँटीबॉडी असतातच, बाटलीतून दिल्या तरी पोटात तिथेच जातात. दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होतायत का आणि वजन वाढतंय का ते बघा, आणि मावशींना सध्या म्यूटवर टाका.