नाशिकहून ताडोबा, स्वतःची गाडी आणि तंबू, फॅमिलीसोबत जमेल का?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन ताडोबाला जायचं चाललंय. मी, बायको, मुलगी सहावीत, मुलगा पहिलीत, आणि आई. आईचे गुडघे दुखतात पण उत्साह सगळ्यात जास्त तिलाच आहे. गाडी अर्टिगा. भंडारदऱ्याला आम्ही नेहमी तंबू टाकून राहतो त्यामुळे तंबू, स्लीपिंग बॅगा, छोटी शेगडी सगळं घरात आहे, मुलांना तर हॉटेल नकोच, तंबूच पाहिजे. तर विचारायचं असं की जंगलाजवळ आपला तंबू लावता येतो का, एवढं लांब ड्रायव्हिंग एका दिवसात करावं की मधे मुक्काम करावा, आणि दिवाळीत जावं की मे महिन्यात? सगळे म्हणतात मे मध्येच वाघ दिसतो. आणि वाघ नाहीच दिसला तर पोरं हिरमुसतील याची जरा काळजी वाटते.

चंद्रपूरचा_भाऊ
भाऊ, आधी तंबूचं सांगतो, कारण दरवर्षी कोणी ना कोणी हेच विचारते. तलावाच्या काठी जागा छान दिसली, गाडी लावली आणि तंबू ठोकला असं इथं चालत नाही, कोअरमध्ये, म्हणजे आतल्या राखीव जंगलात, तर नाहीच नाही, बफरमध्ये, म्हणजे त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात, पण नाही. वनखात्याची परवानगी लागते हे एक झालं, पण परवानगीचं जाऊ द्या, इथं वाघ खरोखर गावाच्या कडेनं फिरते. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ आले, त्यातले कितीतरी आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत, आणि ते काही कोअरची हद्द पाहून मागे वळत नाहीत. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, गुरं चारायला गेलेली आमची माणसं मारली जातात हो. ज्यांचं पोटच जंगलावर आहे त्यांना जावंच लागते. तुम्हाला तिथं उघड्यावर झोपायची काहीच गरज नाही, आणि उद्या पर्यटकाला काही झालं तर त्याचा त्रास वाघालाही होते आणि गावालाही.

तंबूची हौस असेल तर मोहर्ली आणि कोलारा या ताडोबाच्या गेटांच्या बाजूला कुंपणाच्या आत टेंट कॅम्प आहेत, रात्री राखणदार असते, बाथरूम असते. फोन करून विचारा की आवारात आमचा तंबू लावू द्याल का, काही जण देतात. तंबूत खायचं काही म्हणजे काही ठेवू नका, बिस्किटाचा पुडासुद्धा गाडीत, कारण वानरं दिवसा चेन उघडून आत जातात. आणि अंधार पडल्यावर पोरांना एकटं बाथरूमला पाठवायचं नाही, टॉर्च घेऊन मोठ्यानं सोबत जायचं.

मे चं म्हणाल तर पाणी आटते, वाघ पाणवठ्यावर येते, म्हणून दिसण्याची शक्यता जास्त, ते खरं आहे. पण आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाते आणि सफारीची जिप्सी उघडी असते. पहिलीतलं लेकरू आणि आई सोबत असताना मी तर कोणालाच मे सांगणार नाही. पावसाळ्यात बंद असलेलं कोअर १ ऑक्टोबरला उघडते, दिवाळीत गवत उंच असते, वाघ दहा फुटांवर बसला असला तरी दिसणार नाही कदाचित, पण जंगल काय सुंदर असते त्या दिवसांत, सगळे नाले भरलेले.

सिन्नर_टू_नागपूर
कामानिमित्त ह्या रस्त्यावर सतत असतो म्हणून रस्त्याचं सांगतो. सिन्नरजवळून समृद्धी महामार्गाला लागा, थेट वर्ध्यापर्यंत तोच रस्ता, मग हिंगणघाट, वरोरा, भद्रावती करत मोहर्ली. एका दिवसात होतं पण आई आणि पोरं सोबत असताना करू नका, वर्ध्याला मुक्काम करा. संध्याकाळी सेवाग्राम आश्रम दाखवा मुलांना, गांधीजी १९३६ पासून तिथे राहिले, बापूकुटी अजून तशीच मातीची, कवेलूची आहे, मुलगी सहावीत म्हणजे तिला समजेल.

समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० नेच गाडी दामटायची असं नसतं, सिमेंटचा रस्ता, गाडी भरलेली, दुपारचं ऊन, टायर तापतात. निघायच्या आधी टायर नीट बघून घ्या, जुने असतील तर बदला, हवा सकाळी थंड टायरमध्ये भरा. रस्ता इतका सरळ आहे की डोळा लागतो, त्यामुळे दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे कराच, वहिनी गाडी चालवत असतील तर आलटून पालटून चालवा. हॉटेलं मोजकीच, म्हणून दशम्या, चटणी, पाणी घरून. भद्रावतीच्या पुढे मोहर्लीचा रस्ता जंगलातून जातो, तो उजेडातच पार करा आणि मधे फोटोसाठी उतरू नका.

निफाडची_पाखरं
वाघ दिसला नाही तर मुलं हिरमुसतील म्हणालात ना, मी शाळेत शिकवते आणि मुलांना पक्षी दाखवायला नेते, म्हणून माझा अनुभव असा की मुलांना कान लावायला शिकवलं की ती कंटाळत नाहीत. झाडाच्या शेंड्यावरचं वानर एकदम खाकरल्यासारखं खॉक खॉक करतं, खाली चितळं शेपटी वर करून एकाच दिशेला बघत उभी राहतात, एक चितळ पुढचा पाय जमिनीवर आपटतं, आणि मग लांबून सांबराचा मोठा ढाँक असा आवाज येतो. सांबर उगाच ओरडत नाही. हे सगळं चालू असताना जिप्सीत माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने माझा हात घट्ट धरला होता, वाघ शेवटपर्यंत दिसला नाही तरी तो दिवसभर फक्त त्याच आवाजांबद्दल बोलत होता. शिवाय रानकुत्रे, अस्वलं, गवे, तळ्यातल्या मगरी, केवढं आहे ताडोबात! ड्रायव्हरला "वाघ दाखवा" म्हणून मागे लागू नका, मग ते नुसती गाडी पळवतात आणि बाकी जंगल बघायचं राहून जातं.

आणि जायच्या आधी एका रविवारी नांदूरमध्यमेश्वरला घेऊन या मुलांना, आपल्या निफाड तालुक्यातच आहे, गोदावरी आणि कादवाचं पाणी. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. बदकं खरी थंडीत येतात, पण जांभळी पाणकोंबडी, बगळे, करकोचे आधीही असतात. चापडगावच्या बाजूला मनोऱ्यावर दुर्बीण धरायची, गप्प बसायची सवय तिथेच होते, आणि तीच सफारीत कामाला येते.

गंगापूररोडकर
खूप खूप आभार सगळ्यांचे. दिवाळीतच जायचं पक्कं केलं, मुक्काम वर्ध्याला, तंबू कुंपणाच्या आतच. मुलीला सांबराचं वाचून दाखवलं तर ती आत्ताच आवाज काढून बघतेय. एक राहिलं, जिप्सीत आईला कुठे बसवू? आणि बुकिंगचं काय लक्षात ठेवायचं?

चंद्रपूरचा_भाऊ
आईला मधल्या सीटवर बसवा, मागची सीट उंच असते आणि सगळे धक्के तिथंच बसतात. पाठीला एक उशी द्या. सकाळच्या फेरीला कानटोपी, शाल पाहिजे, पहाटे उघड्या गाडीत चांगलंच गारठते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, तुम्ही पाच, म्हणजे पूर्ण गाडीच घ्या, अनोळखी माणसासोबत ॲडजस्ट करत बसू नका. बुकिंग ऑनलाइन, दिवाळीचं लवकर भरते म्हणून आजच बघा. शनिवार-रविवार महाग पडते, मंगळवारी कोअर बंद, त्यामुळे बुधवार-गुरुवार धरा. बुकिंगला ज्याचं जे ओळखपत्र टाकलं तेच मूळ कार्ड गेटवर लागते, आईचं आधार घरी विसरू नका. मोबाईल कोअरमध्ये नेता येत नाही, कॅमेरा चालते.

आणि सकाळची फेरी झाल्यावर लगेच नाशिकला निघू नका, त्या दिवशी आराम करा, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघा.