दहावीची घटक चाचणी: एआयकडून गणिते कशी काढावीत?

कोथरूड_शिक्षिका: मराठी माध्यम, वर्गसमीकरणे, २० गुण. शेजारच्या बाकांसाठी दोन संच हवेत. एआयच्या गणितांची उत्तरे वेडीवाकडी येतात. काय करावे?

हडपसर_गणित: मॅडम, नुसते ‘समीकरण दे’ म्हणू नका, मुळे तुम्हीच ठरवा. मुळे ३ आणि −५ सांगितली, तर मधला सहगुणक २ आणि स्थिरपद −१५ यायला हवे. विवेचक (b² − 4ac) ६४, म्हणजे पूर्ण वर्ग, त्यामुळे अवयव सुटसुटीत पडतात. एआय चिन्हांत कधीकधी घोळ घालते, म्हणून मुळांची बेरीज-गुणाकार हाताने पडताळाच. दुसऱ्या संचाला −३ आणि ५ द्या: काठिण्य तेच, उत्तर वेगळे.

धायरीकर: बालभारतीच्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की अक्षरे अनेकदा तुटतात, कारण फॉन्ट बहुधा युनिकोड (संगणकावरची सर्वमान्य अक्षरपद्धती) नसतो. त्यापेक्षा पानाचा स्क्रीनशॉट द्या. विज्ञानाच्या प्रश्नांत हिंदी संज्ञा घुसतात, पेशीऐवजी कोशिका, घनतेऐवजी घनत्व. पाठातल्या संज्ञांची यादी सोबत जोडा.

कोथरूड_शिक्षिका: उत्तरपत्रिकांचे फोटो देऊन तपासून घेता येतील?

हडपसर_गणित: गुण देण्यासाठी नको. हस्ताक्षरातला १ आणि ७ चुकतो, मधल्या पायऱ्यांचे गुण निसटतात. सामान्य चुका शोधायला चालेल, पण मुलांची नावे आणि बैठक क्रमांक आधी झाका.