नुसता जाड पाइप घेऊ नका

घोडबंदर रोडच्या गच्चीवर एसीच्या वायरींचा फ्लेक्सिबल पाइप उन्हात तडकला, आता जाड घ्यावा का, असं एकाने विचारलंय. माझं स्पष्ट मत: जाडीच्या मागे लागू नका.

या पाइपची ताकद त्याच्या वळ्यांत, म्हणजे अंगावरच्या गोल चुण्यांत असते. वाकवला की बाहेरच्या बाजूच्या वळ्या उघडतात, आतल्या मिटतात, म्हणून भोक चपटं होत नाही. वळ्या खोल आणि जवळजवळ असल्या तर पातळ पाइपही सहजासहजी दबत नाही. जाडी वाढवली की वाकवणं जड जातं आणि वळणावर उलट ताणच वाढतो.

तडकण्यामागे बहुतेक वेळा मटेरियल असतं. असे पाइप बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकचे असतात. पीव्हीसी मुळात कडक, ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. उन्हातान्हात तो हळूहळू निघून जातो आणि पाइप पुन्हा कडक होऊन तडकतो. तो जास्त घातला तर आणखी एक तोटा: पीव्हीसीत वजनाने सुमारे 57 टक्के क्लोरीन असतं, त्यामुळे ज्वाला बाजूला केली की ते विझतं, हा गुण प्लास्टिसायझरने कमी होतो. गच्चीसाठी कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) घातलेला काळा, उन्हासाठीच बनवलेला पाइप मागा. दुकानातच तुकडा घट्ट वाकवून बघा. वळीच्या तळाशी पांढरी रेघ उमटली तर फिलर (भरीला घातलेली पूड) बराच भरलाय, तो घेऊ नका.

आणि हो, पाइप प्लास्टिकचा, त्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे अर्थिंगची हिरवी वायर आतून वेगळी न्यायलाच हवी. मशीनपाशी पाइप खाली झोळ घेतो तिथे पावसाळ्यात पाणी साठतं, तेवढा झोळ इलेक्ट्रिशियनकडून आधी काढून घ्या.