गावात स्वयंसेवकांचं अग्निशमन पथक: पोर्टेबल पंप घ्यावा की ब्लोअरवर (ट्रॅक्टरच्या फॅनवाल्या फवारणी यंत्रावर) भागेल?

कांदाचाळ_निफाड: गाव निफाड तालुक्यात, वस्त्या मळ्यांत विखुरलेल्या. बंब पोचेपर्यंत पाऊण तास धरा. आगी लागतात त्या कांदाचाळीला, कडब्याच्या गंजीला, उसाच्या पाचटाला. 15-20 पोरं तयार आहेत, ग्रामपंचायतही पंपाला पैसे देतेय. कोणता घ्यावा?

ऑक्टोबर_छाटणी: सुरुवातीला ब्लोअरच. 600 लिटरची टाकी आणि मिनिटाला 40 लिटरचा एचटीपी (फवारणीचा जास्त दाबाचा पंप) असेल तर 15 मिनिटं पाणी मारता येतं. फक्त फॅन बंद, पाणी हॅण्डगननेच. फॅन चालू ठेवून गंजीजवळ गेलात तर आगीला भाता लावल्यासारखं होतं. मार्च ते मे दर आठवड्याला दोन ट्रॅक्टर ठरवून घ्या. त्यांच्या टाक्या तीनदा धुऊन साध्या पाण्याने भरलेल्या हव्यात. औषधाचं उरलेलं पाणी आगीवर मारायचं नाही, धूर पोरांच्याच नाकात जातो.

सक्शन_वॉशर: ब्लोअर चालेल, पण आग लहान असेपर्यंतच. छपराने पेट घेतला की मिनिटाला 40 लिटर म्हणजे तव्यावर शिंतोडे. पोर्टेबल पंप मिनिटाला 275 लिटरचा, डिलिव्हरी होज 63 मिलिमीटरचे, 15 मीटरचे सहा तरी. मात्र हा पंप 5000 लिटरचा टँकर 18 मिनिटांत रिकामा करतो. म्हणून आधी शेततळी, विहिरी आणि त्यांच्यापर्यंत ट्रॅक्टर जाईल असे रस्ते नकाशावर मांडा, पंप नंतर.

पंप पाणी उचलत नाही तेव्हा दहातले नऊ वेळा सक्शनच्या (पाणी ओढणाऱ्या नळीच्या) जोडात हवा धरलेली असते. वॉशर वाळून चिरतो, डोळ्याला दिसतही नाही. जास्तीचे चार वॉशर पंपाच्या पेटीतच ठेवा. दुसरी गोष्ट उंचीची. पुस्तकात 7 मीटर उचल लिहिलेली असते, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे 5 मीटरच धरा. मे महिन्यात विहीर त्याहून खोल गेलेली असते, तिथे हा पंप कामाचा नाही.

कांदाचाळ_निफाड: शेततळ्यात सक्शनच्या टोकाची जाळी तळाच्या प्लास्टिक कागदाला चिकटली तर?

सक्शन_वॉशर: चिकटतेच, पाणी बंद आणि कागदही फाटतो. जाळी द्राक्षाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये बसवा आणि क्रेट ट्यूबला बांधून तरंगता ठेवा, तळापासून दोन फूट वर. कागद शेवाळाने निसरडा असतो, पाय घसरला की वर येता येत नाही. काठावरच्या माणसाच्या कमरेला दोर हवाच.

डीपी_बंद: पाण्याच्या आधी वीज! वरून तार जात असेल तर वायरमनकडून फीडर (त्या तारेला वीज देणारी लाइन) बंद झाल्याची खात्री होईपर्यंत नळी उघडायची नाही. वायरमनचा आणि उपकेंद्राचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. डीपीला (ट्रान्सफॉर्मरला) गावकऱ्याने हात लावू नये, हे पोरांना दहा वेळा सांगा.

ऑक्टोबर_छाटणी: गंजी वरून विझलेली दिसते, आत धुमसत राहते. पाणी वरूनच ओघळतं. जेसीबीने किंवा दाताळ्याने थर सोडवत भिजवा, पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड टाका म्हणजे मुरतं (फवारणीत औषध पानावर पसरायला स्टिकर टाकतो तसंच). रात्रभर दोघे राखणीला.

सक्शन_वॉशर: माणसं वाटून द्या: पंपावर एक, प्रत्येक नोझलवर दोघे, फाट्यावर बंबाला वाट दाखवायला एक, आणि कोण आत गेलं, कोण बाहेर आलं हे मोजणारा एक. हा शेवटचा दुसरं काही करत नाही. अंगात सुती कपडे, नायलॉनचा टी-शर्ट वितळून कातडीला चिकटतो. पेटलेल्या छपराखाली कोणीच जायचं नाही, कांदे गेले तरी चालतील.

दर 15 दिवसांनी पंप पाणी जोडूनच पाच मिनिटं चालवा, कोरडा चालवला की सील जळतो. बंद करताना पेट्रोलचा कॉक फिरवून कार्बोरेटर रिकामा होऊ द्या. साठलेलं पेट्रोल चिकट होतं आणि ऐन वेळी दोरी ओढून खांदे दुखतात.

विम्याचंही बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा आहे, प्रत्येकाचा काढा. आणि पंपाच्या खोलीची चावी कुलपाशेजारीच काचेच्या डबीत ठेवा, सरपंचांच्या घरी नको.