प्रति: घड्याळ ५:४१ पेस (एका किमीला लागणारी मिनिटं-सेकंद) दाखवत होतं, तरी हाफ मॅरेथॉन दोन तासांत का बसली नाही?

वर एकाने विचारलंय म्हणून लिहितो. घड्याळ बिघडलेलं नाही. वळणांवर आपण मोजलेल्या रेषेपेक्षा जास्त धावतो, शिवाय नागपूरच्या सिव्हिल लाइन्ससारख्या दाट झाडीत जीपीएस थोडं भरकटतं. त्यामुळे २१.१ ऐवजी घड्याळात २१.३ किमी भरतात. त्या पेसने तुम्ही शेवटाला २:०१ च्या पुढेच पोचणार.

माझं ठाम मत आहे, ऑटो-लॅप (घड्याळ आपल्याच मोजणीने दर किमीला नवा टप्पा, म्हणजे लॅप, सुरू करतं ती सोय) बंद करा. रस्त्यावरची किमीची पाटी आली की लॅपचं बटण स्वतः दाबा आणि स्क्रीनवर फक्त लॅपचा सरासरी पेस ठेवा. क्षणाक्षणाचा आकडा सतत उड्या मारतो. सोबत मनगटावर दोन तासांच्या हिशोबाने टप्प्यांच्या वेळा लिहिलेली कागदी पट्टी हवीच: ५ किमी २८:२६, १० किमी ५६:५३, १५ किमी १:२५:१९. वरून पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर घामाने शाई पसरते.

सेमिनरी हिल्सच्या चढावर मात्र पेस विसरा, श्वास सांभाळा. ‘बस’चा, म्हणजे ठरलेल्या वेळेसाठी एकत्र धावणाऱ्या गटाचा, पेसरही (वेग राखून गटाला नेणारा धावपटू) चांगला, पण तो चढावर वेग कमी करतो की नाही, हे सुरुवातीलाच विचारून घ्या. आणि एप्रिल-मेच्या सरावात हे आकडे धरूच नका भाऊ, आपल्या उन्हात पहाटेसुद्धा नाडी लवकर चढते.