जुन्या घराचं सागवान, कवेलू, तिफण पडून आहे: नव्या घरात काय करता येईल? सल्ला हवा

सपरी_दारव्हा (जानेवारी)

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातलं आमचं आजोबांच्या वेळचं कवेलूचं घर दिवाळीनंतर उतरवलं. पांढऱ्या मातीच्या भिंती, दोन बाजूंनी खचलेल्या, वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याच जागी साडेआठशे चौरस फुटांचं पक्कं घर चाललंय. भिंती लिंटेलपर्यंत आल्यात, स्लॅब फेब्रुवारीअखेर.

गोठ्यात पडून असलेला माल: सागवानी म्याली, म्हणजे छताखालच्या आडव्या तुळया, १४ (सात ते नऊ फूट), चौकटीसकट दोन दारं, मंगलोरी कवेलू सातशे-आठशे, देशी कवेलूंचा ढीग, आणि दांडी मोडलेली तिफण. भंगारवाला दोनदा येऊन गेला. हात लावू दिला नाही.

घरात तीन पक्ष आहेत. बायकोच्या मोबाइलमध्ये घरांचे दोनेकशे फोटो आहेत, तिला 'मॉडर्न' हवंय. यवतमाळच्या दुकानात तिला एक गुबगुबीत रेक्झिनचा सोफा आवडलाय. मे महिन्यात ४५ अंशाला त्यावर बसलं की उठताना पाठीची साल सोफ्याकडेच राहील, हे मी तिला सांगून पाहिलं. आईला फक्त बाज हवी. मला मधलं काहीतरी हवंय, नवं पण आमच्या घरातलं वाटणारं.

आतल्या सगळ्या सामानाला मिळून एक लाख वीस हजार आहेत. 'बजेट वाढवा' सोडून कोणताही सल्ला चालेल.

काटकोन (वर्धा)

सामान नंतर बघू. आधी स्लॅब, कारण ती एकदा ओतली की बदलता येत नाही.

तुमच्याकडे मंगलोरी कवेलू आहेत तर इंजिनिअरला फिलर स्लॅबबद्दल विचारा. साध्या स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागात ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट बरंचसं नुसतं वजन असतं. ते काढून त्या जागी कवेलू बसवायचे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत घरोघरी नेली. दोन कवेलू एकमेकांवर उपडे ठेवले की मध्ये हवेची पोकळी राहते आणि उष्णता उतरायला थोडा अडथळा होतो. काँक्रीट वाचतं ते वेगळं. खालून प्लास्टर करू नका, लाल कवेलूंची रांगच छत म्हणून दिसू द्या. तुमच्या सौ.च्या फोटोंत अशी दोन-चार छतं नक्की सापडतील.

दोन गोष्टी सांभाळा. कवेलू आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ते काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतात. आणि सळईचं अंतर कवेलूच्या मापावरून इंजिनिअरनेच काढायचं, मिस्त्रीने अंदाजाने नाही. देशी कवेलू यात घालू नका, एकाची जाडी दुसऱ्याला लागत नाही.

वरून चुन्याचे दोन-तीन हात द्या, दरवर्षी अक्षय तृतीयेच्या आत.

आणि एक रविवार काढून तिघंही सेवाग्रामला जा. बापूकुटी सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते, म्हणजे कोणीच पाहिलेली नसते. या वेळी घर म्हणून बघा. माती, बांबू, कवेलू, खोल पडव्या. बसणं जमिनीलगत, म्हणून खोली लहान असून मोकळी वाटते. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीच्या भिंतीवर उठावात काढलेली झाडं बघा. १९३६ नंतरच्या त्या वस्तीत फर्निचर असं जवळजवळ नाहीच, आणि काही कमीही वाटत नाही.

रंधा_मारतो (मानोरा)

काटकोन साहेबाचं बराबर हाय, पण मी सुतार, मी लाकडाचंच सांगतो.

भाऊ, म्याली इकू नका. त्या सागवानानं पन्नास-साठ उन्हाळे काढले, आता ते वाकत नाई, फुगत नाई. बाजारात नवं सागवान घ्याल तं चार महिन्यांत दाराले फट. आधी एकेक म्याल हातोडीनं ठोकून पाहा. खणखण वाजली तं चांगली, भदभद वाजली तं आतून उधईनं खाल्ली. भिंतीत गेलेली टोकं बहुतेक खराबच निघतात, फूट-फूट कापून टाका, वाईट वाटून घेऊ नका.

मंग खिळे. चुंबक घेऊन एकेक इंच पाहा. आरागिरणीवाल्याचं पातं तुटलं का तो तुमच्या दारात उभा राहीन. आन् हो, सागवान ट्रॉलीत टाकून निघायच्या आधी वनविभागात इचारून घ्या, जुन्या घरचं लाकूड हाय असा ग्रामपंचायतीचा दाखला खिशात असू द्या. रस्त्यावर अडवलं तं तोंडी सांगून भागत नाई.

सगळं लाकूड रंधून गुळगुळीत करू नका. वरच्या अंगाले जुन्या सुताराच्या वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव असतीन. एक बाजू तशीच ठेवा, नुसती तारेच्या ब्रशनं काजळी काढा. असं लाकूड आता शहरात मशीननं खोटं बनवतेत, तुमच्याकडे खरं हाय.

चकचकीत पॉलिश नको. जवसाचं तेल घ्या, थोडं टर्पेंटाइन मिसळा, फडक्यानं चोळा. आठ दिवसांनी पुन्हा. पण तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, आतल्या आत तापून पेट घेते. उघड्यावर पसरून वाळवा. माह्या दुकानात एकदा धूर निघाला होता, तवापासून सांगत असतो.

खुर्चीखालचं_मांजर (पुणे, माहेर पुसद)

सोफ्याच्या भांडणावर तोडगा. चंडीगड वसवलं जात होतं तेव्हा १९५० च्या दशकात वास्तुविशारद पियेर जानरे यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी खुर्च्या केल्या: सागवानी सांगाडा, उलट्या व्हीसारखे पाय, बैठक आणि पाठ वेताची विणलेली. पुढे त्या मोडक्या म्हणून सरकारी आवारात ढिगाने पडल्या, भंगारात गेल्या, आणि आज परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या जातात. तुमचा भंगारवाला उगाच दोनदा येत नाही.

वेत आपल्याकडे होत नाही, पण बाज तर विणतात. तोच सांगाडा करून वेताऐवजी अंबाडीची दोरी किंवा सुती नवार वापरली तर? मॉडर्नही झालं, बाजही झाली आणि पाठीला हवा लागेल.

सपरी_दारव्हा

मांजरताई, हे बायकोला वाचून दाखवलं. दहा मिनिटांनी तिनेच त्या खुर्चीचा फोटो शोधून दाखवला आणि 'ही तर आपल्या शाळेतल्या खुर्चीसारखी आहे' म्हणाली. पण नाही म्हणाली नाही. रंधाभाऊ, तिघे बसतील असा विणलेला बाक होईल का? झोल पडेल ना?

रंधा_मारतो

होते. झोल पडणारच, दोरी हाय ती. म्हणून तं बाजेच्या पायथ्याले ताणायची दोरी असते, दर पंधरवड्यानं वढायची. बाकालेबी तशीच ठेवा, पण उजव्या हाताच्या बाजूनं, हातटेकणीच्या खाली. दिसत नाई, आईले बसल्या बसल्या वढता येते.

माप सांगतो. लांबी साडेपाच फूट, खोली बावीस इंच, उंची सोळा. तिघांच्या वजनाले मधात एक आडवी पट्टी लागीन, ती मात्र दोरीच्या चार इंच खाली घ्या, नाईतं ढुंगणाले टोचते. सगळ्यात महत्त्वाचं समोरचं लाकूड. लोक ते चौकोनी ठेवतात, मंग दहा मिनिटांत मांडीखाली वळ उठते आन् पायाले मुंग्या. म्हणून समोरची धार अर्धगोल करा, हाताच्या मनगटाएवढी गोल. आन् दोरी पुढच्या लाकडावरून घ्या, खालून नाई.

कुसू-भोकाचा सांधा करा (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या भोकात), फेविकॉल नको, पाचर मारा. पुढं दोरी बदलायची तं पाचर ठोकून बाक सुटला पाहिजे. दुकानातला सोफा फाटला का फेकावा लागते.

भट्टीतली (भद्रावती)

थंडाव्यासाठी माझा अनुभव, अर्धा गोड अर्धा कडू. दिल्लीच्या अँट स्टुडिओ या वास्तुरचनाकारांनी नोएडाच्या एका कारखान्यात भाजक्या मातीच्या नळ्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या रचून त्यावर पाणी सोडलं. गरम हवा नळ्यांतून जाते आणि निवते. माठाचंच तत्त्व, पण भिंतीएवढं आणि दिसायला देखणं. फोटो पाहिले आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. आमच्याकडे मातीकाम जुनं, कुंभाराकडून दोन्ही तोंडं उघडी अशा ३२ नळ्या करून घेतल्या, लोखंडी चौकटीत पश्चिमेच्या खिडकीबाहेर रचल्या, वर कुलरचा जुना पंप.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खरंच फरक पडला. दुपारी झळ यायची तिथून ओल्या मातीचा वास यायला लागला. पण पाणी! पुढच्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि सासूबाईंनी पंपाची वायर काढून कपाटात ठेवली. शिवाय आमच्या बोअरचं पाणी जड, दोन महिन्यांत नळ्यांवर पांढरा थर चढला आणि माती पाणी प्यायची थांबली. जूनमध्ये हवा दमट झाली की तर उपयोग शून्य, कुलरसारखंच.

आता नळ्या कोरड्याच आहेत. संध्याकाळी त्यातून ऊन चाळून येतं, खोलीभर गोल गोल कवडसे पडतात. जाळी म्हणून घ्या, कुलर म्हणून घ्यायच्या आधी विहिरीला विचारा.

कापूस_एकरी_कमी (आर्णी)

कपाट, मांडणीसाठी पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, बोर्ड कोणी सुचवणारच, म्हणून आधीच लिहितो. मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र विकसित केलंय, गोष्ट खरी आहे. पण तो दाबयंत्राचा कारखानदारी माल, घरी होत नाही. आणि हौसेने पऱ्हाट्यांचे बिंडे बांधून अंगणात 'नैसर्गिक पार्टिशन' उभं करू नका. त्यात गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात तुमच्यासकट शेजाऱ्याच्याही बोंडांत उतरते. माझ्या साळ्याने केलं होतं. फोटो छान आला.

वेळूवन (परतवाडा)

पार्टिशन बांबूचं करा. मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे, तिथलं काम बघून या, घरापासून ते गळ्यातल्या माळेपर्यंत बांबूत काय होतं ते कळेल. घेताना तीन वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला घ्या. कोवळ्यात साखर असते, त्याला भुंगा लागतो आणि सकाळी फरशीवर पिठाची रांगोळी दिसते. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला आहे का विचारा. नुसतं वॉर्निश मारलेला असेल तर दुकानातून निघा.

सपरी_दारव्हा (मे)

उशिरा लिहितोय, पण लिहायचं कबूल केलं होतं.

फिलर स्लॅब झाली. मिस्त्री दोन दिवस रुसला होता, 'कवेलू वर घालतात, आत नाही' म्हणून. इंजिनिअरने आकृती काढून दिली तेव्हा कामाला लागला. खालून लाल रांगा दिसतात. तीन कवेलू ओतताना फुटले, तिथं ओबडधोबड डाग राहिलेत, ते मला आवडतात, बायकोला नाही. संध्याकाळी सातला छताखाली हात धरला तर शेजारच्या साध्या स्लॅबपेक्षा धग कमी वाटते. मोजमाप केलेलं नाही. चुना दिलाय, हेही त्यात आलं.

१४ म्यालींपैकी नऊ चांगल्या निघाल्या. चुंबक फिरवूनही एक खिळा राहिलाच, पात्याचे पैसे भरले. बाक रंधाभाऊंच्या मापाने झाला. समोरची धार सुताराने पहिल्यांदा चौकोनीच ठेवली होती, मी बसून दाखवलं आणि परत रंधायला लावली. दुसऱ्या आठवड्यात झोल पडला. आई आता रोज संध्याकाळी हातटेकणीखाली हात घालून दोरी ओढते, जपमाळेसारखी. सोफ्याचा विषय निघालेला नाही. नळ्यांची जाळी पुढच्या वर्षी. बांबूचं पार्टिशन पैशांअभावी राहिलं.

तिफणीचं कोणीच काही सुचवलं नव्हतं, ते घरात सुचलं. बायकोला चाड्याचा, म्हणजे तिफणीत बी टाकायच्या वाडग्याचा, दिवा करायचा होता: चाडं उपडं टांगायचं, आत बल्ब. आईने ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. ज्यातून बी पेरलं ते चाडं पालथं टांगायचं नाही. दोन दिवस घरात बोलणं बंद. शेवटी तसंच उताणं टांगलं, तीन साखळ्यांवर. बल्ब आत, उजेड वर जातो आणि छतातल्या कवेलूंवर पसरतो. आणि ज्या तीन भोकांतून बी नळ्यांत उतरायचं, त्यांतून उजेडाचे तीन ठिपके बरोबर जेवायच्या जागेवर पडतात. काल धाकट्याने आपलं ताट सरकवून मधल्या ठिपक्याखाली घेतलं, तर थोरल्याने ते ओढलं. आता त्यावरून भांडण आहे.